बाजूला काढलेली माणसं

आमच्या केंद्रात पीएचडीला प्रवेश मिळाला की विद्यार्थ्याच्या ओळखीच्या माणसांपैकी दर पाचातलं एक माणूस त्याला दिसेनासं होतं.

यात लपवाछपवी काही नाही. पहिल्याच दिवशी हुपरीकर मॅडम सगळ्यांना बसवून समजावून सांगतात. आम्ही इथे मिरजेत आजार ओळखणारी एआय मॉडेलं करायला शिकतो. कुणी डोळ्यांच्या फोटोवरून मधुमेह ओळखतं, कुणी चालीवरून कंपवात. मॉडेलला काही माणसांवर शिकवायचं आणि मग त्याने कधीच न पाहिलेल्या माणसांवर तपासायचं. शिकवलेल्यांवरच तपासलं तर ते पाठ केलेलं म्हणून दाखवतं आणि सगळ्यांना वाटतं, काय हुशार आहे! म्हणून काही माणसं आधीच बाजूला काढतात. बाजूला काढलेलं माणूस संशोधकाला दिसत नाही, ऐकू येत नाही, अंगावरून गेलं तरी जाणवत नाही. प्रबंध पूर्ण झाला की उघडणी होते आणि माणसं परत मिळतात. "मध्येच सोडलं तर?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. मॅडम चष्मा पुसतात आणि सांगतात, "मग ती बाजूलाच राहतात."

कोण बाजूला पडलं हे सांगत नाहीत. ते आपलं आपल्याला हळूहळू कळतं. माझे एक मेहुणे दिसेनासे झाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. शाळेतल्या एक बाईही बाजूला पडल्या, त्यांचं वाईट वाटलं. पण माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या त्रिशला मगदूमला एवढ्यावर सुटता आलं नाही.

त्रिशला जयसिंगपूरची. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी, जन्मभर त्यांनी तीच चालवली. त्यांना ती आण्णा म्हणायची. गिरणीत पीठ छातीत जाऊन बसतं. आण्णांचा खोकला ऐकतच ती लहानाची मोठी झाली आणि खोकल्याच्या आवाजावरून फुप्फुसांची अवस्था सांगणारं मॉडेल करायचं, हे ठरवूनच इथे आली. प्रवेशाच्या मुलाखतीत तिने हेच सांगितलं होतं. मुलाखत घेणाऱ्यांना ते फार आवडलं होतं म्हणे.

पहिल्या दिवाळीला ती घरी गेली, तर घरात आई एकटीच. आई रिकाम्या कॉटकडे बघून काहीतरी बोलायला गेली आणि गप्प झाली. त्रिशला समजली. परत आल्यावर बॅग खांद्यावरून न उतरवताच मला म्हणाली, "नसरीन, आण्णा बाजूला पडले गं."

मी म्हटलं, "मॅडमना सांगू. बदलून देतील."

मॅडमनी बदलून दिलं नाही. त्या काही दुष्ट नाहीत. "संशोधकाच्या मायेप्रमाणे माणसं हलवायला लागलो, तर निकालावर विश्वास कोण ठेवेल?" असं त्यांनी विचारलं. त्यांचं बरोबर होतं.

मला मात्र आण्णा दिसायचे. प्रवेशाच्या वेळी ते माझ्या ओळखीचेच नव्हते, त्यामुळे माझ्या वाटणीत कुठेच नव्हते. रविवारी ते एसटीने यायचे आणि कॅन्टीनमध्ये बरोबर त्रिशलाच्या समोर बसायचे. ती त्यांच्या आरपार भिंतीकडे बघत चहा प्यायची. मी मध्ये. पहिल्या रविवारी तर मला कुठे बघावं तेच कळेना.

"वाळलीया," आण्णा म्हणाले. "खाती का न्हाई वेळेवर?"

"खाते," मी म्हटलं.

"कोण खाते?" त्रिशलाने विचारलं.

"मी. मी ही खारी खाते, म्हटलं."

ते डब्यातून शेंगापोळ्या आणायचे. त्यांच्या हातातला डबाही तिला दिसायचा नाही आणि मी तिला त्यातलं द्यायला मनाई, म्हणून तो मलाच संपवावा लागायचा. "आसू दे, कुणाच्या तर पोटात गेलं," असं आण्णा म्हणायचे, पण पोळ्या संपेपर्यंत त्यांची नजर तिच्या कपावरून हलायची नाही.

तिच्याबद्दल त्यांना काहीही सांगायला परवानगी होती. त्यांच्याबद्दल तिला सांगायला मनाई होती. त्याला आमच्याकडे गळती म्हणतात. गळतीवर लक्ष ठेवायला खटावकर नावाचे अधिकारी होते, मऊ बोलणारे, भर उन्हाळ्यातही स्वेटर घालणारे. ज्या माणसाची माहिती गळली ते तपासणीतून बाद होतं आणि बाद झालेल्याची उघडणी कधीच होत नाही. आमच्या आधीच्या तुकडीतल्या एकाला मित्राने कालवण दिलं. ते बाजूला पडलेल्या त्याच्या बायकोने केलं होतं. पहिल्याच घासाला तो बोलून गेला, "ही मीठ अजून जास्तच टाकते." झालं. ती बाई अजून त्याच्याच घरात राहते, त्याचे कपडे धुते, आणि त्याला वाटतं कामाला कुणीतरी लावलंय.

खटावकर अधूनमधून आण्णांचा खोकला रेकॉर्ड करून न्यायचे, उघडणीच्या दिवसासाठी. आण्णा शर्टाची गुंडी लावून, ताठ बसून खोकायचे. फोटो काढून घ्यावा तसे.

तिसऱ्या वर्षीच्या थंडीत मला ते ऐकू आलं. दिवसभर त्रिशलाच्या शेजारी बसून तिने जमवलेले खोकले ऐकायचे, त्याने माझाही कान तयार झाला होता. आण्णांच्या खोकल्याच्या शेवटी ओली शिट्टी वाजत होती. असे खोकले त्रिशलाने एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले होते आणि त्यातली बरीच माणसं आता नव्हती.

त्रिशला चहा आणायला उठली तेव्हा मी म्हटलं, "आण्णा, डॉक्टरांना दाखवा. उद्याच."

पुढच्या रविवारी ते दाखवून आले होते. "फोटू काढला छातीचा," त्यांनी सांगितलं. "डॉक्टरनं फोटू बघितला आन् मला इचारलं, घरात कोण कोण असतंय? तवाच समजलं." मग त्रिशलाकडे बघत म्हणाले, "मरायचं काय न्हाई गं. सगळीच जात्यात. पण एकदा तिनं माझ्याकडं बघाय पायजे. रागानं बघितलं तरी चालंल. किती ऱ्हायलंय तिचं?"

खरं तर काहीच राहिलं नव्हतं. मॉडेल तयार होतं. मॅडमनीही सांगितलं होतं की आता प्रबंध द्यायला हरकत नाही. पण त्रिशला हट्टाला पेटली होती. गिरणीत काम करणाऱ्यांच्या बाबतीत मॉडेल अजून कधीकधी चुकायचं. "आण्णांसारखं एखादं माणूस यातून सुटलं तर?" ती म्हणायची. "त्यांच्यासाठी तर करतेय ना मी हे? मग घाई कशाला?"

समोर बसलेले आण्णा मान डोलवायचे. लेक शहाणी आहे हे त्यांना पटायचं. घशात आलेला खोकला ते दाबायचे, वास्तविक तिला तो ऐकू येणार नव्हता.

मी मॅडमकडे गेले. म्हटलं, "त्रिशलाला तेवढं लवकर प्रबंध द्यायला सांगा."

"का?" मॅडमनी विचारलं, आणि लगेच हात वर केला. "थांब, बोलू नकोस. कारण नसताना मी तिला घाई करू शकत नाही. आणि कारण असेल, तर ती गळती."

मग मी स्वतःच तिच्या मागे लागले. पुरे झालं, टाक एकदाचा प्रबंध, किती चाळत बसशील. दोनच दिवसांत खटावकरांनी मला बोलावून चहा पाजला. "एकाच विद्यार्थिनीला असा आग्रह केला की त्यातून माहिती जाते," ते म्हणाले. "आग्रह करायचाच असेल तर सगळ्यांना सारखा करा."

मी सगळ्यांना सारखा केला. टेबलाटेबलावर जाऊन, जिन्यात अडवून, मेसच्या रांगेत गाठून. दोघाचौघांनी वैतागून प्रबंध देऊनही टाकले, त्यांची माणसं घरी परत आली, पेढे वाटले गेले. त्रिशला पेढा खात म्हणाली, "तू काय, सगळ्यांनाच म्हणतेस."

मला रडू यायला लागलं, पण तिच्यासमोर रडायचीही सोय नव्हती.

फाल्गुनात आण्णा यायचे थांबले. दोन रविवार वाट बघून मी जयसिंगपूरला गेले. गिरणी बंद होती. पायरीवर खटावकर बसले होते, स्वेटर घालून, हातात पाण्याचा तांब्या. आण्णा आदल्या दिवशी गेले होते.

बाजूला काढलेल्या माणसाचा मृत्यूही बाजूलाच ठेवायचा असतो, तोच तर खरा निकाल. आणि त्रिशलाची आई तर त्रिशलाला दिसते. म्हणून खटावकरांनी आत जाऊन त्यांना हात जोडून सांगितलं, "वहिनी, उघडणी होईपर्यंत कुंकू राहू द्या. बांगड्याही."

बाईंनी कपाळावरच्या कुंकवाला बोट लावून बघितलं. मग म्हणाल्या, "ठेवतो की. लेकीला कळंस्तवर तरी ते हाईतच म्हणायचं."

पुढच्याच आठवड्यात गिरणीवाल्यांच्या बाबतीतही मॉडेल चुकेनासं झालं. त्रिशलाने प्रबंध दिला. चैत्रात उघडणी ठरली.

उघडणी आमच्या छोट्या सभागृहात होते. समोर एक खुर्ची असते. बाजूला काढलेलं माणूस तिथे येऊन बसतं, त्याचं रेकॉर्डिंग लावतात, मॉडेल आपलं म्हणणं पडद्यावर दाखवतं, आणि खटावकर डॉक्टरांचा अहवाल वाचतात. जुळलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि त्याच क्षणी ते माणूस संशोधकाला दिसायला लागतं. त्रिशलाने नवी साडी नेसली होती. पहिल्या रांगेत तिची आई बसली होती, कपाळभर कुंकू लावून. त्रिशला सारखी मागे वळून तिच्याकडे बघून हसत होती. आज कोण भेटणार, हे तिला माहीत होतं ना.

आधी तिची एक शाळेतली मैत्रीण खुर्चीत उमटली, मग एक चुलत भाऊ. त्रिशलाने दोघांना मिठी मारली, रडली, हसली. मग खटावकरांनी पुढचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं.

स्पीकरमधून खोकला आला.

"आण्णा," त्रिशला म्हणाली. कुणी सांगायची गरजच नव्हती. पूर्ण रेकॉर्डिंग तिने डोळे मिटून ऐकलं, शेवटच्या ओल्या शिट्टीपर्यंत. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर अक्षरं आली होती. अवस्था अखेरची.

खटावकरांनी अहवाल वाचला. म्हणाले, "बरोबर."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. त्रिशला खुर्चीकडे वळली. खुर्ची रिकामी होती.

तिने डोळे चोळून पुन्हा बघितलं. मग हळूच म्हणाली, "सर, आण्णा अजून दिसत नाहीत. उघडणीत काहीतरी चुकलंय."

खटावकरांनी नीट तपासलं. "चुकलेलं नाही," ते म्हणाले. "ते उघडलेत."

पहिल्या रांगेतून त्रिशलाची आई उठली. "साहेब, आता पुसू का?" तिने विचारलं.

"हो, वहिनी. निकाल जाहीर झाला."

बाईंनी तिथेच उभं राहून पदराने कपाळ पुसलं. एकदा पुसून निघालं नाही, म्हणून पुन्हा पुसलं. त्रिशला बघत राहिली.

बाहेरच्या बाकावर अजून बरीच माणसं ताटकळत होती. किती वर्षांनी ती आज तिला दिसणार होती. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "त्रिशला, पुढचं माणूस येऊन बसलंय."

त्रिशलाने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मान हलवली आणि पुढचा खोकला लावला.