गंधकाचा वेल

दस्तगीरचाचा दुसऱ्याच्या बागेतलं द्राक्ष आधी हुंगत आणि मग बहुधा खातच नसत. संगमनेरच्या बाजारात मणी नाकाशी धरून एका माळ्याला ते म्हणाले, "तोडनीच्या तोंडाला गंधक मारलंस. हे द्राक्ष न्हाई, काडेपेटी हाय!"

"भुरीचा रोग पडला हुता, चाचा."

"पान कवळं हाय तवर मार. मन्यात पानी भरलं की हात आवर. न्हाईतर मन्याचा सोताचा वास मरतो."

"पन तुमच्या मालावर डाग हायत."

"डागाला वास असतो व्हय? नाकाला इचार!"

प्रत्येक गोष्टीवर त्यांचं हेच उत्तर. इंग्रजांच्या लढाईला मदत करू नका, असं सांगणारं माझं पत्रक मी त्यांना दिलं. त्यांनी ते हुंगलं. "शाई कच्ची हाय, पत्रकवाले."

त्या दिवसांत मी थकलो होतो. लोक माझी पत्रकं घेत आणि त्यात तंबाखू बांधत. चाचांच्या बागेत द्राक्षांच्या मांडवाखाली बसलं की वाटे, तत्त्वाला चिकटलेला एक तरी माणूस आहे.

एका शुक्रवारी चाचा नमाजाला गेले होते. विहिरीजवळच्या वेलावर पाहतो तर पिकलेले घड गंधकाने पिवळे! कुणा मजुराचा हा गाढवपणा, असं समजून मी ते सगळे तोडले आणि तीन पाण्यांतून चोळून काढले.

चाचा आले. एक घड नाकाशी धरून विहिरीच्या काठावर मटकन बसले.

"कुनी धुतले?"

"मी. कुणीतरी गंधक मारलं होतं."

"मीच मारलं हुतं."

मी भडकलो. "आणि बाजारात लोकांना शहाणपण शिकवता?"

"ह्यो येल बाजारात जात न्हाई," ते दमल्या आवाजात म्हणाले. "तुमची चाची फडक्यात गंधक बांधून येलावर झटकायची. हात कितीबी धुतले तरी भाकरीला वास लागायचा. मी लई वरडायचो. ती गेली, तवापासनं तोडनीला ह्या एका येलावर मारतो. एकटाच खातो."

"परत मारू, चाचा. मी गंधक आणतो."

"लढाईत कुठनं आनताय? डब्यातलं शेवटचं हुतं." त्यांनी घड माझ्यापुढे सारला. "खा. आता ह्याला कसलाच वास न्हाई."

 घड घ्यायला मी हात पुढे केला, तसे चाचा थबकले. त्यांनी माझा पंजा धरून नाकाशी नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ सोडला नाही.