लसूणमित्राचं वाण

"या वर्षी आपल्याकडे हळदीकुंकू नाही," मार्तंड प्रभूने जेवताना जाहीर केलं. "या वर्षी प्रॉडक्ट लाँच आहे."

आमटीची पळी हातात तशीच धरून उत्तराने नवऱ्याकडे पाहिलं. संक्रांत तोंडावर आली होती, तिळाचे लाडू व्हायचे होते, ऑफिसात साहेबाने रजा नाकारली होती, आणि त्यात हे.

"म्हणजे नक्की काय करायचंय?"

"हळदीकुंकू तुझंच गं. फक्त वाण आपलं. लसूणमित्र!"

लसूणमित्र हे मार्तंडचं लाडकं अपत्य. पंपांच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून, दोन वर्षं खपून त्याने लसूण सोलायचं हे मुठीएवढं यंत्र तयार केलं होतं. पाकळ्या आत टाकायच्या, झाकण दोनदा फिरवायचं, की साल एकीकडे आणि पाकळी दुसरीकडे. यंत्र अगदी झकास चालायचं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढची हकिकत वाचून त्या बिचाऱ्या यंत्राबद्दल उगाच गैरसमज व्हायचा. साकीनाक्याच्या एका भाड्याच्या गाळ्यात ते तयार व्हायचं आणि तिथंच पडून राहायचं. दुकानदार म्हणायचे, लोक मागत नाहीत. लोक मागणार तरी कसे? त्यांनी ते पाहिलंच नव्हतं.

उत्तराच्या भावाने, शौनकने, वांद्र्याच्या आपल्या ऑफिसात मार्तंडसाठी एक जागा धरून ठेवली होती. रथसप्तमीपर्यंत धंद्याने मान वर काढली नाही तर गाळा सोडायचा आणि शौनककडे रुजू व्हायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. मेहुण्याच्या हाताखाली काम! नुसत्या विचाराने मार्तंड ताट बाजूला सारायचा.

म्हणूनच त्याने यशस्वी उद्योजक होण्याचा वर्ग लावला होता. दर रविवारी ठाण्याच्या एका हॉलमध्ये टायवाले सर यशाचे धडे द्यायचे आणि सोमवारी मार्तंड ते उत्तराला द्यायचा.

"सर म्हणतात, माल ग्राहकाच्या हातात ठेवा. मग माल बोलतो, आपण गप्प बसायचं."

"अरे, पण वाण कोणी उघडत नाही. वाण माळ्यावर जातं."

"चाळण्या आणि साबणाच्या डब्या जातात माळ्यावर. हे इनोव्हेशन आहे, यार."

"मार्तंड, मी लग्नापासून वाणं घेतेय."

"तोच तुमचा प्रॉब्लेम आहे. तुम्ही बायका जुन्या पद्धतीने विचार करता."

यावर उत्तराकडे उत्तम उत्तर होतं, पण लाडूंचा पाक व्हायला आला होता.

हळदीकुंकवाचा समारंभ झोकात झाला. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीतल्या आणि आजूबाजूच्या इमारतींतल्या मिळून शंभरेक बायका आल्या. हिरव्या डब्यावर सोनेरी अक्षरांत 'लसूणमित्र' आणि झाकणावर गोल सोनेरी स्टिकरचं सील. बायका डब्यावरून हात फिरवत होत्या. महिला मंडळाची सेक्रेटरी गंधाली कर्णिक हिने तर डबा तळहातावर तोलून पाहिला.

"भावोजी, काय हलकं आहे हो! पर्समध्ये आरामात मावतंय."

"टेक्नॉलॉजी आहे, वहिनी," मार्तंड स्वयंपाकघराच्या दाराआडून म्हणाला. हळदीकुंकवाच्या दिवशी घरच्या पुरुषाला त्याहून पुढे यायची सोय नसते.

दुसऱ्या दिवशी तो शीळ घालत गाळ्यावर पोचला, तर टेबलावर शंभरेक लसूणमित्र ओळीने मांडलेले. नवेकोरे. त्याने एक उचलला, दुसरा उचलला आणि हाक मारली.

"गुणाजी! काल घरी पाठवलेल्या डब्यांत काय होतं?"

गुणाजी हा गाळ्यावरचा जुना माणूस. त्याने तंबाखू मळत शांतपणे सांगितलं, "काय नाय होता."

"म्हणजे? रिकामे डबे सील केलेस तू?"

"माका कशाक इचारतास, साहेबानु? तुमीच सांगितलास, एका माणसान एकच काम करूचा. माजा काम ष्टिकर. मी ष्टिकर लावलंय."

"आत यंत्र नाही हे दिसलं नाही तुला?"

"दिसला ना. पण भरूचा काम अंबादासाचा, आणि तो गेलो जत्रेक. दुसऱ्याच्या कामात तोंड घालूचा नाय, ह्या पण तुमीच सांगितलास."

ते खरंच होतं. कामाची विभागणी हा सरांचा तिसरा धडा, आणि मार्तंडने तो गाळ्यावर मोठ्या हौसेने लागू केला होता. त्याने उत्तराला फोन लावला.

"वाट लागली गं. सगळे डबे रिकामे गेले. तू एकेकीला फोन कर आणि परत मागव."

"वाण परत मागू?" उत्तराचा आवाज इतका चढला की गुणाजीची तंबाखू सांडली. "त्यापेक्षा आपण मुलुंड सोडू. काय करायचं ते तूच कर, पण माझं नाव मध्ये आणू नकोस."

मार्तंडने रात्रभर विचार करून एक युक्ती काढली. विक्रीनंतरची सेवा! पिशवीत लसूणमित्र भरायचे, घरोघरी जायचं, 'यंत्र कसं चाललंय ते बघतो' म्हणायचं आणि डबा हातात आला की पाठ फिरवून गुपचूप आत यंत्र सरकवायचं. पहिलं दार त्याने तळमजल्यावरच्या जानकीकाकूंचं वाजवलं. काकू म्हणजे सोसायटीतलं जुनं खोड, कोणाची भीड न ठेवणाऱ्या.

"काकू, ते लसूणमित्र जरा बघायला आलो होतो."

काकूंचा चेहरा क्षणभर गोंधळला. मग त्या घाईघाईने म्हणाल्या, "अगोबाई, फार छान आहे रे! कालच अख्खी मूठभर लसूण सोलली."

"सोलली?"

"चटणीसाठी. फक्त त्याचं ते बटण जरा घट्ट आहे बघ."

लसूणमित्राला बटण नव्हतं. आणि काकूंच्या डब्यात लसूणमित्र नव्हता. मार्तंड पिशवी सावरत वरच्या मजल्यावर गेला.

पुढच्या घरी वहिनींनी सांगितलं की पाती फार धारदार आहेत, मुलांपासून जपावं लागतं. तिसऱ्या घरी तर सासूबाई दुपारभर त्यावर लसूण सोलत बसल्याचं कळलं. डबा मात्र कोणीच बाहेर आणत नव्हतं. कुणाचा बहिणीकडे गेला होता, कुणाचा जाऊबाईंनी बघायला नेला होता. मार्तंड रिकाम्या हातांनी आणि भरल्या पिशवीने घरी आला.

"सगळ्या खोटं बोलतायत गं. जानकीकाकूसुद्धा!"

"मग काय तुला तोंडावर सांगतील, की तुझं वाण मी दुसऱ्या दिवशी पुढे ढकललं?" उत्तरा हसून हसून खुर्चीत बसली. "अरे, रथसप्तमीपर्यंत प्रत्येकीच्या घरी हळदीकुंकू असतं. इथलं तिथं, तिथलं पलीकडे. तुझा डबा एव्हाना भांडुपला पोचला असेल."

पण पुढच्या आठवड्यात जे झालं त्याचा अंदाज उत्तरालाही नव्हता. गंधालीचा फोन आला.

"भावोजी, तुमचा डबा हिट आहे! मला स्वतःला तीन घरी मिळाला. रथसप्तमीला आमच्या मंडळाचं मोठं हळदीकुंकू आहे, तीनशे बायका येणार. सगळ्यांना हाच द्यायचा."

मार्तंड आनंदाने जवळजवळ रडला. एवढी ऑर्डर त्याच्या गाळ्याने जन्मात पाहिली नव्हती. शिवाय तीनशे घरांत आता खरं यंत्र जाणार होतं. कामाची विभागणी त्याने त्या दिवसापुरती गुंडाळून ठेवली. स्वतः मांडी घालून बसला, एकेक यंत्र पुसून डब्यात घातलं, एकेक सील स्वतःच्या हाताने लावलं आणि टेम्पोत बसून माल मंडळाच्या हॉलवर पोचवला.

संध्याकाळी गंधालीचा पुन्हा फोन.

"भावोजी, असं कसं केलंत हो? या वेळचा माल सगळा खराब आहे."

"खराब? मी स्वतः भरलाय, वहिनी!"

"आत काहीतरी सुटलंय. डबा उचलला की खडखड वाजतं. आधीचे कसे गप्प होते. आणि हे जडही लागतायत."

"एखादा उघडून बघितलात का?"

"वाण कोण उघडतं? सील फुटलं तर पुढे कसं द्यायचं? ते काही नाही, उद्या दुपारपर्यंत पहिल्यासारखा माल पाठवा, नाहीतर मी घाऊकात चहाच्या गाळण्या आणते."

मार्तंडने फोन ठेवला आणि उत्तराला सगळं सांगितलं. पहिल्यासारखा माल पाठवणं सोपं होतं. तीनशे डबे उघडायचे, यंत्रं काढायची, सील लावायचं. गाळा वाचला असता, शौनकपासून सुटका झाली असती.

"मला नाही जमणार गं," तो शेवटी म्हणाला. "दोन वर्षं घातली मी त्या यंत्रात. रिकामे डबे विकून राहिलेला गाळा मला नकोय."

उत्तराला त्या क्षणी आपला नवरा फार आवडला. "मग उद्या मंडळात जाऊन खरं सांगून टाक," ती म्हणाली. "मी येते बरोबर. आणि लसूण घे."

रथसप्तमीच्या दुपारी हॉल बायकांनी गच्च भरला होता. मार्तंडने माईक हातात घेतला. समोर पहिल्याच रांगेत जानकीकाकू.

"भगिनींनो, मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या घरच्या हळदीकुंकवाला दिलेले डबे चुकून रिकामे गेले होते. त्यात यंत्र नव्हतंच. मी माफी मागतो."

बायका एकमेकींकडे बघेनात. मग जानकीकाकू उठल्या.

"माझ्यात होतं," त्या ठणकावून म्हणाल्या.

"काकू, एकाही डब्यात..."

"माझ्यात होतं म्हणते ना! मी त्यावर चटणी केलीय."

"माझ्यातही होतं," मागून कोणीतरी म्हणालं.

"आमच्यात पण होतं हो, सासूबाई रोज वापरतात!"

बघता बघता हॉलभर सगळ्यांच्या डब्यांत होतं. मार्तंडची कबुली घ्यायला एकही बाई तयार नव्हती. त्याने हताश होऊन उत्तराकडे पाहिलं. तिने पुढे होऊन एक डबा उचलला आणि सगळ्यांदेखत त्याचं सील टरकन फाडलं. हॉलमधून एक हाय निघाली. तिने यंत्र बाहेर काढलं, पाकळ्या टाकल्या, झाकण दोनदा फिरवलं आणि सोललेल्या पांढऱ्याशुभ्र पाकळ्या बशीत ओतल्या.

"अय्या! असं असतं होय ते!" जानकीकाकूंच्या तोंडून निघून गेलं.

यावर हॉलमध्ये जो हशा उसळला त्यात काकूच सर्वांत मोठ्याने हसत होत्या. मग बायकांनी टेबलाला गराडा घातला. प्रत्येकीला स्वतः फिरवून बघायचं होतं. लसूण संपली, तेव्हा गंधालीने शेजारच्या भाजीवाल्याकडून आणखी आणवली. तीनशे डबे घटकेत वाटून झाले. गाळण्यांचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

कार्यक्रम संपला तरी बायका हलेनात. उलट मार्तंडच्या टेबलासमोर रांग लागली. 'आता ऑर्डरी,' तो मनात म्हणाला आणि खिशातून पेन काढलं. जानकीकाकू पुढे झाल्या आणि त्याच्या कानाशी लागून कुजबुजल्या.

"भारी केलंयस रे पोरा. यंत्र मी घरी ठेवते. हा डबा तेवढा पहिल्यासारखा बंद करून दे. पुढच्या संक्रांतीला उपयोगी पडेल. कोणाला सांगू नकोस हं."

त्यांच्यामागची बाई तेच कुजबुजली. तिच्या मागची तेच, आणि वर विचारलं, "असे आणखी पाचसहा रिकामे मिळतील का? पैसे देते ना मी." गंधालीने तर एकदम पन्नास सांगितले. प्रत्येकीला वाटत होतं की ही शक्कल आपल्या एकटीलाच सुचली आहे. मार्तंडने बायकोकडे पाहिलं. उत्तरा पदर खोचून, मांडी घालून केव्हाच स्टिकर चिकटवायला बसली होती.

तेवढ्यात फोन वाजला. शौनक होता.

"काय रे मार्तंड, ठरलं का? उद्यापासून येतोयस ना ऑफिसला?"

"नाही रे, जमणार नाही," मार्तंड फोन खांद्यात धरून डब्याचं झाकण दाबत म्हणाला. "पण तू आज संध्याकाळी मोकळा असशील तर ये इकडे. पॅकिंगला माणूस कमी पडतोय."