येतो म्हणून जा

राव मामांच्या घरून कुणालाही 'बाय' म्हणून निघता येत नसे. चुकून कुणी म्हटलंच, तर मामा त्याला चपला काढून परत आत घ्यायचे, खुर्चीवर बसवायचे, स्टीलच्या टंबलरमधून पाणी पाजायचे आणि म्हणायचे, "आतां बेस सांग." माणूस 'येतो' म्हणाला की सुटका. तमिळ माणसाला 'पोयिट्टु वरेन' चालायचं, कारण जाऊन येतो असाच त्याचाही अर्थ. पिझ्झा घेऊन येणाऱ्यालाही सूट नव्हती. त्याचे पुढचे पिझ्झे निवत असत, पण नियम म्हणजे नियम.

मामा तंजावरकडचे मराठी. घराणं तिकडे जाऊन किती पिढ्या झाल्या, ते त्यांनाही सांगता येत नसे. बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेले आणि मामी गेल्यापासून शहरातल्या नुंगंबाक्कम भागात आमच्या इमारतीत एकटेच. मी सांगलीचा, शहराबाहेर ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात नोकरीला. पहिल्याच भेटीत मी "चला, जातो" म्हणालो आणि सापडलो.

"काय रे सांगली, तुमच्या गांवांत अस्के असेंच सांगतात काय?" अस्के म्हणजे सगळे.

मराठी मुलखातून आलेल्या मला मराठी रीत शिकवत होता तमिळ हेल काढून बोलणारा म्हातारा. मला हसू आलं, पण मुकाट्याने पाणी प्यालो.

जग जवळ आलं वगैरे मामांना मान्य होतं. तक्रार एकच होती. "इथून मोटारी जातात, इडली जाते, आमचीं पोरें जातात. तिकडून 'बाय' येतें. मग आमचें 'येतो' तिकडे जायला नोको काय?"

त्यांनी सुरुवात केली वरच्या मजल्यावरच्या पार्क साहेबांपासून. पार्क कोरियाचे, आमच्याच कारखान्यातले. बिचाऱ्यांनी त्या तालमीत किती पाणी रिचवलं असेल, देव जाणे. शेवटी एकदा ते बूट हातात धरून, कमरेत वाकून, स्वच्छ 'येतो' म्हणाले. त्या दिवशी मामांनी इमारतभर केसरी, म्हणजे आपला शिरा वाटला. "एक्स्पोर्ट सुरू जाहला," असं प्रत्येक दारात सांगितलं.

एका घरी मात्र हा माल पोचत नव्हता. रविवारी सकाळी अमेरिकेतून नातीचा व्हिडिओ कॉल यायचा. ती दोन वाक्यं बोलायची, "बाय, तात्ता" म्हणायची आणि पडदा काळा व्हायचा. मामा फोन तसाच हातात धरून बसायचे. एकदा मी म्हटलं, "परत लावा की. म्हणायला लावा तिला."

"नोको रे," मामा म्हणाले. "परत बोलावल्यावर नाहीं आली तर?"

मागच्या महिन्यात अमेरिकेहून मुलगा आला तो मामांना कायमचं घेऊन जायला. घर विकलं गेलं, भांडी वाटून झाली. मुलगा वाईट नव्हता. बाप न्हाणीघरात पडला तर उचलणार कोण, हा त्याचा प्रश्न खराच होता.

निघायच्या दिवशी मी आणि पार्क बॅगा घेऊन खाली आलो. मामांनी टॅक्सीचं दार धरलं, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बाय, सांगली."

मी धावत वर गेलो आणि माझ्या घरातून पाणी घेऊन आलो. तोवर पार्कनी मामांना वॉचमनच्या खुर्चीवर बसवलं होतं. मुलगा घड्याळ बघत होता. मामा टंबलर ओठांना न लावता वरून सगळं पाणी प्याले, थेंबही सांडला नाही.

"आता बेस सांगा, मामा," मी म्हणालो.

मामांनी टंबलर माझ्या हातात दिला. "येतो सांगितलें तर यायला पाहिजे रे. मी कुठला येतों आतां?"

आणि ते टॅक्सीत बसले.

गाडी फाटकाबाहेर पडली. मामांनी न म्हटलेल्या त्या 'येतो'ला मी "या" म्हणालो. माझं ऐकून पार्कही कमरेत वाकून "या" म्हणाले. टॅक्सीच्या काचा वर होत्या, त्यांना ऐकू गेलं नसावं.