अनंताच्या तळव्याची कमान

उजवा

अनंत पेडणेकरच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचा सांधा आता सांधा राहिला नव्हता. तो झिजून ठणकायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही हाडं एकमेकांना जोडून टाकली. दुखणं गेलं. वाकणंही गेलं.

"पण डॉक्टर, मी पोस्टमन. जोगेश्वरीत रोज सात मैल. जमेल ना?"

"तेच बघायचंय. विहिरीचा रहाट बघितलाय? पाऊल उचलताना अंगठा वाकतो, तळव्यातला दोर त्याच्यावर गुंडाळतो आणि कमान वर येते. तुमचा रहाट आम्ही ठोकून बसवलाय. आता दोर ताठ राहतो की सैल पडतो? महिनाभर चाला, मग गेरूत पाय बुडवून कागदावर ठसा घ्या. मधे खाच दिसली तर कमान शाबूत."

डावा

पोस्टमास्तर काशीराम चांदोरकर शेजारच्याच खोलीत राहायचे. "कमान गेली तर बीट गेली, टपाल वाटत फिरणं बंद," त्यांनी बजावलं. "आत बसून शिक्के मारायचे."

अनंतला धास्ती होती ती त्याचीच. कोणाचं पोर पास झालं, कोणाची सून रुसली, सगळं दारोदारी कळायचं. टेबलावर काय कळणार? ठप्प. ठप्प.

महिन्याने त्याची बायको जानकी हिने परातीत गेरू कालवला. अनंतने कागदावर उजवा पाय टेकला मात्र, अर्धी चाळ गोळा झाली.

"जानकी, माझो पण घे गो!" वनमालाकाकूंनी लुगडं वर खोचलं.

"बघू तरी," म्हणत मास्तरांनीही उजवा पाय बुडवला.

अकरा कागद गॅलरीतल्या दोरीवर वाळले. नावं लिहायचं कोणालाच सुचलं नाही.

"सॉर्टिंग मी करतो," मास्तर म्हणाले. "माझ्या हातून आजवर एक कार्ड चुकीच्या घरी गेलेलं नाही."

उजवा

संध्याकाळी अनंतने मास्तरांसमोर आपला कागद उलगडला. खाच नव्हती. टाचेपासून बोटांपर्यंत अखंड गेरू.

"वाट लागली!"

"लागलीच. असल्या पायानं माणूस दोन फर्लांग जाणार नाही. सत्तावीस वर्षं बीट केलीय मी, मला विचार. उद्यापासून शिक्के."

जानकी कागदावर वाकली. "अहो, ह्यात करंगळी कुठंय?"

"असेल पुसट."

"पुसट कसली, नाहीच आहे. ह्यांची तर चांगली टेकते."

तिघांनीही खाली पाहिलं. मास्तरांच्या उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली होती.

दोन्ही

मास्तर आत गेले आणि स्वतःचा म्हणून ठेवलेला कागद घेऊन आले. अनंतने त्यावर पाय ठेवला. तंतोतंत. मधे झकास खाच.

"अंगठा जरा वर उचलूनच जोडलाय ना," अनंत तळवा निरखत म्हणाला. "म्हणून दोर ताणलेला राहिला असेल. डॉक्टरांना सांगायला पाहिजे!"

मास्तर अजून सपाट ठशाकडेच बघत होते.

"सत्तावीस वर्षं, मास्तर?" जानकीने हळूच विचारलं.

"रोज सहा मैल." त्यांनी चपला चढवल्या. "अनंता, उद्या आठला ये. गुंफांकडची बीट तुझीच."

"आणि हा कागद?"

मास्तरांनी त्याची चौकोनी घडी केली आणि खिशात घातली.

"ह्याच्यावर पत्ता नाही. असलं टपाल माझ्याकडेच जमा होतं."