सदुसष्टचा अली आणि दिघीची फेरीबोट

गाडी आगरदांड्याला फेरीबोटीत चढली, तेव्हाच कुमुदताई दमलेल्या होत्या. मुलाचा साखरपुडा दुपारी श्रीवर्धनला, आणि नवरा व दीर सकाळपासून एकाच प्रश्नात अडकलेले: सदुसष्ट सालचा मुहम्मद अली आणि अठ्ठ्याऐंशी सालचा माइक टायसन समोरासमोर आले असते, तर कोण जिंकलं असतं? या दोघा भावांनी जन्मात कुणाला साधी चापट मारलेली नाही. पण लेकीच्या लग्नात याच वादापायी पंगत खोळंबली होती आणि जावयाचे काका न जेवता निघून गेले होते.

"श्रीवर्धनला बॉक्सिंगचा ब काढलात, तर बघा," त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं. "व्याही दिवेकर सर कडक आहेत. ठरलेलं लग्न मोडेल." हीच ताकीद देऊन मुलाला, वरदला, मित्रांबरोबर पुढे पाठवलं होतं. म्हणजे जे काय बोलायचं ते फेरीबोटीतच उरकायला हवं, असा सोयीस्कर अर्थ काढून माधवराव आणि देवव्रत गाडीतून उतरले आणि कठड्याशी जाऊन उभे राहिले.

"टायसन एकदा आत घुसला की संपलं, दादा!"

"घुसेल कसा? अलीचा डाव्या हाताचा जॅब विसरलास? हा असा..."

माधवरावांनी डावा हात तसा फेकला. त्या हातात गाडीची किल्ली होती. ती खाडीत गेली.

"बघ," देवव्रत म्हणाला, "टायसनला एवढीच संधी पुरते."

दिघी आली. सगळ्यांत पुढे माधवरावांचीच गाडी. स्टिअरिंग वाकडं अडकलेलं, ढकलली तर थेट कठड्यावर जाणार. मागून हॉर्न सुरू झाले.

"ओ शेट, दुसरी चावी कुटं हाय?" खलाशाने विचारलं.

"मुरुडला. कपाटात."

"मंग गाडी न्या परत. आमी काय करनार!"

शेवटी मागच्या गाडीवाल्यांनीच शिव्या घालत घालत ती उचलून कडेला सरकवली. हा सोहळा बघायला धक्क्यावर कोण उभे असावेत? पाहुण्यांना घ्यायला आलेले दिवेकर सर आणि त्यांच्या पत्नी. धरणी दुभंगेल तर बरं, असं कुमुदताईंना झालं. पण ती बोटीत कुठून दुभंगणार!

सर बोटीवर आले. "किल्ली पडली कशी?"

देवव्रत बोलून गेला, "जॅब दाखवताना. अलीचा."

सरांच्या कपाळावर आठ्या चढल्या. कुमुदताईंनी मनातल्या मनात साखरपुड्यावर पाणी सोडलं.

"कुठल्या सालचा अली?" सरांनी विचारलं.

"सदुसष्टचा."

"हं. पण त्र्याहत्तरचा फोरमन दोघांनाही झोपवेल."

"काय बोलता सर! फोरमनला दम कुठे होता?"

विहीणबाईंनी अंगठीची पिशवी उचलली आणि कुमुदताईंचा हात धरला. "चला तुम्ही. आमच्याकडे हे सुरू झालं की मी सरळ गॅस बंद करते आणि देवळात जाते."

दोघी उतरल्या आणि बोट तिघांना घेऊन आगरदांड्याकडे वळली. निरोपाला कुणी हात हलवला नाही, तिघांच्याही मुठी वळलेल्या होत्या.

दिवेकरांची गाडी विहीणबाईंनीच हाकली. मुहूर्त गाठला. "मुलीचे वडील?" गुरुजींनी विचारलं. "येतील, फोरमन हरला की," असं म्हणून विहीणबाईंनी आपल्या दिराला पाटावर बसवलं. कुमुदताईंना किती वर्षांनी निवांत वाटलं. बॉक्सिंगविना पार पडणारं घरातलं हे पहिलंच कार्य होतं.

वरद अंगठी घेऊन पुढे झाला. आश्लेषाने हात पुढे केला आणि हळूच विचारलं, "अली की टायसन?"

वरदने आईकडे पाहिलं. "मला त्यातलं काही कळत नाही. आमच्याकडे तो विषयच नसतो."

आश्लेषाचा हात मागे गेला. "काहीच मत नाही?" तिचा चेहरा खरोखर पडला होता. "मग आपण जन्मभर जेवताना बोलायचं काय?"

गुरुजी थांबले. फोटोवाला थांबला. वरद अंगठी धरून घामाघूम झाला.

"मत नाही कसं?" कुमुदताई म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना ओळखू येईना. "सदुसष्टचा अली. पहिल्या चार फेऱ्या टायसनला नुसता फिरवेल, दमवेल, आणि मग उजवा. लहानपणापासून हेच म्हणतो तो. लाजतोय आत्ता."

"त्याच्यावर खेळायची बंदी यायच्या आधीचा ना, काकू?"

"आधीचाच गं," कुमुदताई म्हणाल्या. "नंतर त्याचे पाय ते राहिले नव्हते."

आश्लेषाने हात पुढे केला.