बोलका डबा

"दुपारच्या आत काका बोलायला लागतील, लिहून घ्या," लंबूनं छाती फुगवून जाहीर केलं. काका म्हणजे चष्मिशचे बाबा. पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली ती गेलीच. एरवी हा माणूस शिलाई मशीनवर बसून अख्ख्या गल्लीशी गप्पा हाणायचा. आता खिडकीशी बसून नुसता टुकूटुकू बघत असायचा.

लंबू, चष्मिश आणि घुमी, तिघं नववीतले. त्यांनी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर बसवला आणि वर एक बटण. दाबलं की बाबांच्याच आवाजात ‘पाणी दे गं’ ऐकू येणार. चष्मिशनं बाबांना सकाळीच तसं सांगून ठेवलं होतं. तो आवाज तिच्या फोनमधल्या जुन्या निरोपातून काढून मेमरी कार्डावर घेतला होता. नंतर फोन बिघडला, दुकानदारानं तो पार कोरा करून दिला. पण कार्ड होतं ना, म्हणून कुणी हाय खाल्ली नाही.

बटण दाबलं. डबा ढिम्म.

आता या तिघांची एक खोड होती. दुसऱ्याची चूक दिसली, की त्याला वाईट वाटू नये म्हणून ती गुपचूप सुधारायची. चष्मिशनं बटणाची वायर हळूच एक घर पुढे सरकवली. अगदी बरोबर जागी! पण दाबून बघणार तोच आईनं हाक मारली. ती उठून गेली, तशी घुमीनं चकार शब्द न काढता वायर आणखी एक घर सरकवली. पुन्हा दाबलं. पुन्हा ढिम्म.

"म्हणजे कार्डच खराब," असं निदान करून पठ्ठ्या लंबूनं कार्ड पुसून टाकलं. "हं, आवाजाची कॉपी दे."

"ती घुमीकडे आहे ना?" चष्मिश म्हणाली.

"मला वाटलं लंबूकडे," घुमी म्हणाली.

लंबूकडे तर नव्हतीच. चष्मिशनं कोरं कार्ड उचलून पुन्हा डब्यात बसवलं. मग तिघं पहिल्यांदाच तोंडानं सांगत कामाला लागले. "मी वायर काढतेय." "थांब, मी आधी बघतो." दोष लगेच सापडला, वायर एक घर जास्तच पुढे गेली होती. आवाज भरला लंबूचा. नुकताच फुटलेला, अर्धा बेडूक आणि अर्धी शिट्टी.

बाबांनी बटण दाबलं. "पाणी दे गं!" चष्मिशनं धावत पेला आणला. त्यांनी तो तसाच बाजूला ठेवला आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा पेला. टेबलावर पेल्यांची रांग लागली.

"काकांना भलतीच तहान लागलीय," लंबू कुजबुजला.

बाबांनी डबा कानाशी धरून हलवला. पुन्हा दाबलं, कान लावून ऐकलं, मान हलवली. त्यांना पाणी नकोच होतं. ते स्वतःला शोधत होते, हे चष्मिशच्या आत्ता लक्षात आलं.

"बाबा, नाही हो तुमचा आवाज त्यात. आमच्या हातून पुसला गेला. आता कुठेच नाहीये." आणि तिला रडू कोसळलं, इतकं की ठसका लागला.

बाबांनी डबा खाली ठेवला. रांगेतला एक पेला उचलला आणि तिच्या ओठांशी धरला.