ढगात काम करणारा माणूस

"शुक्रवारी दुपारी तुला निधीच्या वर्गात पुस्तक वाचायचंय. मी तुझं नाव टाकलंय," मीनाक्षी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली.

गुरुनाथ पळसोकर डिशवॉशर लावत होता. कुकरचा डबा त्याच्या हातातच राहिला.

"माझं का? तू जा ना."

"माझ्या ऑफिसमध्ये त्या दिवशी सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. आणि मी कितीदा जाऊन आले. तू अजून शाळेच्या पार्किंग लॉटच्या पुढे गेलेला नाहीस."

हे खरं होतं. गुरुनाथ माणूस चांगला, पण बोलायचा कमी आणि इंग्रजीत बोलायचा त्याहून कमी. नागपूरहून अमेरिकेत कॅरीला येऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. ऑफिसच्या रोजच्या मीटिंगमध्ये त्याचं भाषण ठरलेलं असे: काल हे केलं, आज ते करणार, अडचण काही नाही. समोरच्याने "सॉरी?" म्हटलं, की तो तेच वाक्य चॅटवर टाइप करून पाठवी आणि सुटका करून घेई.

"मला वाचता येत नाही असं सगळ्यांसमोर."

"दुसरीतली मुलं आहेत रे. खाणार नाहीत तुला."

निधीच्या बाई, मिस हॉलोवे, या प्रकाराला 'मिस्टरी रीडर' म्हणत. कोण येणार हे मुलांना सांगायचं नाही. ज्याचा पालक येणार त्यालाही नाही. पालकाने सोमवारपासून रोज एक क्लू ईमेल करायचा, मुलं अंदाज बांधणार, आणि शुक्रवारी दार उघडून मिस्टरी रीडर आत येणार. मीनाक्षीने पुस्तकही आणून ठेवलं होतं. एका ओल्या वॉलरसला थंडी वाजते आणि त्याला लोकरीचा व्हेस्ट हवा असतो, अशी गोष्ट. पहिलंच वाक्य होतं, 'वेट वॉलरस वॉन्ट्स अ व्हेस्ट.' मराठीत आपलं एका 'व'वर भागतं. इंग्रजीत त्याचे दोन होतात, आणि कोणत्या वेळी ओठांचं काय करायचं हे गुरुनाथला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तो संध्याकाळी गॅरेजमध्ये जाई, गाडीत बसून काचा वर करी आणि स्टिअरिंगला पुस्तक टेकवून वॉलरसची गोष्ट वाची.

सोमवारचा क्लू त्याने सरळ, प्रामाणिक लिहिला: 'मी क्लाउडमध्ये काम करतो.' लोकांची माहिती इंटरनेटवर जिथे साठते त्या क्लाउडची देखभाल, हीच त्याची नोकरी होती. मिस हॉलोवेंचं लगेच उत्तर आलं, की मुलं फार रंगली आहेत.

मुलं का रंगली ते रात्री जेवताना कळलं.

"बाबा, मिस्टरी रीडर क्लाउडमध्ये काम करतो," निधी वरणभात कालवत म्हणाली. "लाइक, ॲक्च्युअल ढगात."

गुरुनाथला ठसका लागला. वर्गात सायन्सला त्या आठवड्यात नेमकं पाण्याचं चक्र चाललं होतं. वाफ कशी होते, ढग कसे होतात, ढगांचे प्रकार किती. कोणत्या ढगावर माणूस उभा राहू शकेल यावर अख्खा तास चर्चा झाली होती. वीर पटेल नावाच्या मुलाने पातळ ढग बाद केले होते.

"पायलट असेल," मीनाक्षी हसू दाबत म्हणाली.

"पायलट ढगातून *जातो*, आई. हा तिथे *काम* करतो."

निधी हात धुवायला गेल्यावर गुरुनाथ म्हणाला, "आता काय करू?"

"उद्या जमिनीवरचं काहीतरी लिही."

म्हणून मंगळवारी त्याने लिहिलं, 'मी लहानाचा मोठा झालो, तिथून जवळच्या जंगलात वाघ आहेत.' यात काही खोटं नव्हतं. पण सोशल स्टडीजच्या तासाला जगाचा नकाशा खाली ओढला गेला, वाघ राहतात ते देश रंगवले गेले आणि संध्याकाळपर्यंत मिस्टरी रीडर जंगलात वाढून ढगात राहायला गेलेला माणूस झाला होता.

बुधवारी गुरुनाथने आणखी जपून लिहिलं, 'मी दिवसभर बग शोधतो.' सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं साधं काम. यावरून तरी एखाद्या हुशार मुलाला कळेल, असं त्याला वाटलं.

"आज मॅथमध्ये आम्ही बार ग्राफ काढला," निधीने रात्री सांगितलं. "सगळ्यांनी व्होट केलं. ॲस्ट्रॉनॉट, झू-कीपर आणि बॅट."

"बॅट म्हणजे वटवाघूळ?"

"हो ना. उंचावर असतं, जंगलात असतं, बग खातं. तिन्ही क्लू मॅच होतात. मी पण बॅटला दिलं."

गुरुनाथने पोळीचा तुकडा खाली ठेवला. आपल्या लेकीने आपल्याला वटवाघूळ ठरवलं, हे त्याला जरा लागलं. "वटवाघूळ पुस्तक वाचेल कसं पण?"

"मिस हॉलोवेंनी पण तेच विचारलं. एव्हिडन्स काय, म्हणाल्या. वीर म्हणाला, ते कानाने बघतं, सो इट विल मॅनेज." निधी थांबली आणि भाताकडे बघत म्हणाली, "वीर म्हणतो, सगळ्यात बोअर म्हणजे कोणाचे तरी डॅड असले तर. मागच्या वेळी हार्परचे डॅड आले, तर मुलं नुसती जांभया देत होती."

त्या रात्री गॅरेजमध्ये वॉलरसची गोष्ट दोनदा वाचली गेली.

गुरुवारी सकाळी मीनाक्षी म्हणाली, "एकदाचं खरं काय ते लिहून टाक." त्याने लिहिलं, 'मी अगदी साधा माणूस आहे.'

पण झालं असं, की रीडिंगच्या तासाला मुलं नुकतीच शिकली होती की गोष्टीतलं पात्र स्वतःबद्दल सांगतं एक आणि असतं दुसरंच, तेव्हा वाचकाने शब्दांच्या मागचं ओळखायचं. ढगात राहणारा, वाघांमध्ये वाढलेला एक जण मुद्दाम सांगतोय की मी साधा आहे. असं कोण सांगतं? सुपरहिरो सांगतो. वर्गाला दुसरं काही पटेना. आर्टच्या तासाला प्रत्येकाने त्याचं चित्र काढलं, ती चित्रं कॉरिडॉरमध्ये लागली, शेजारच्या वर्गांनी ती पाहिली आणि दुपारी मिस हॉलोवेंची ईमेल आली. दुसरीच्या बाकीच्या वर्गांनाही यायचं आहे, म्हणून कार्यक्रम लायब्ररीत ठेवला आहे. प्रिन्सिपॉल मॅडमसुद्धा येणार आहेत.

गुरुनाथने मीनाक्षीला फोन केला. "कॅन्सल करतो. ताप आलाय म्हणून सांगतो."

"पोरं चित्रं काढून बसली आहेत, गुरू."

"म्हणूनच तर."

ऑफिस सुटल्यावर तो गुपचूप पार्टीच्या सामानाच्या दुकानात जाऊन आला. हॅलोवीन लांब होतं, त्यामुळे एप्रिलमध्ये तिथे मोठ्या माणसाच्या मापाचा एकच वेश शिल्लक होता, मधमाशीचा. त्याने तो हातात धरून पाहिला, आरशात अंगाला लावून पाहिला आणि परत टांगून ठेवला.

शुक्रवारी कॅरीतल्या सगळ्या गाड्यांवर पाइनचे पिवळे परागकण बसले होते. गुरुनाथने इस्त्रीचा निळा शर्ट घातला होता. शाळेच्या कॉरिडॉरमधून जाताना त्याला दोन्ही बाजूंनी आपलीच चित्रं दिसत गेली. एकात त्याला पंख होते, एकात अंगावर पट्टे, एकात तो ढगावर बसून जाळीने किडे पकडत होता. सगळ्या चित्रांत तो हसत होता.

लायब्ररीचं दार उघडलं. गालिच्यावर दाटीवाटीने बसलेली मुलं एकदम दाराकडे वळली. मग मागून कोणीतरी म्हणालं, "दॅट्स निधीज डॅड."

"ओह," वीर म्हणाला.

त्या एका 'ओह'मध्ये अख्ख्या आठवड्याची हवा निघून गेली. पहिल्या रांगेत निधी गुडघ्यांवर मुठी आवळून बसली होती आणि त्याच्याकडे टक लावून बघत होती.

गुरुनाथ मुलांच्या खुर्चीत कसाबसा बसला. त्याने पुस्तक उघडलं आणि पहिलं वाक्य वाचलं. लगेच एक हात वर झाला. ती हार्पर होती.

"तुम्ही 'व्हेट' म्हणालात. व्हेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर. वॉलरस ओला आहे, तो डॉक्टर नाहीये."

मिस हॉलोवे तिला गप्प करायला पुढे झाल्या. पण इथे चॅट नव्हता, टाइप करायला काही नव्हतं आणि समोर इतके चेहरे होते. गुरुनाथ खरं बोलून गेला. "मला त्या दोन्हींतला फरक ऐकूच येत नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "माझ्या भाषेत दोन्हींना मिळून एकच अक्षर आहे."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठ्या माणसाला काही येत नाही हे त्यांना नवीन होतं.

"इट्स ओके," हार्पर समजुतीने म्हणाली. "आम्हाला हे पहिलीत शिकवलं. वरचे दात खालच्या ओठावर ठेवायचे आणि मधमाशीसारखा आवाज करायचा. तो 'व्ही'. मेणबत्ती विझवताना ओठ करतो तसे केले, की 'डब्ल्यू'."

तिने करून दाखवलं. मग वीरने केलं. मग सगळ्या मुलांनी. लायब्ररीत व्व्व असा गुंजारव सुरू झाला. प्रिन्सिपॉल मॅडमनीही दात ओठावर टेकवले. गुरुनाथने दोनदा चुकून तिसऱ्यांदा 'वेट' म्हटलं, तेव्हा टाळ्या पडल्या.

"तुमच्या भाषेत असं काही आहे का, जे आम्हाला येत नाही?" हार्परने विचारलं.

त्याने क्षणभर विचार केला आणि उठून फळ्यावर मोठा 'ळ' काढला. "माझ्या आडनावात आहे. पळसोकर."

मुलांनी प्रयत्न केला. कोणी 'ल' म्हणालं, कोणी 'ड', कोणी 'र', आणि प्रिन्सिपॉल मॅडमच्या तोंडून गुळण्या केल्यासारखा आवाज आला. गुरुनाथलाही तो कसा काढायचा ते इंग्रजीत सांगता येईना. त्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"निधी, तू दाखवतेस?"

निधीच्या मुठी उघडल्या. ती उठून फळ्यापाशी आली. "बाळ," ती म्हणाली. "केळं. पळ." मग ती रांगांमधून फिरली आणि एकेकाच्या तोंडात वाकून बघू लागली. "जीभ मागे वळव. मोअर. लाइक इट्स डूइंग अ समरसॉल्ट." वीरला पहिल्याच फटक्यात जमलं आणि तो स्वतःच चकित झाला. "माझी आजी असंच बोलते," तो म्हणाला.

यानंतर पुस्तकाकडे कोणी पाहिलंच नाही. क्लूंचा हिशेब राहिला होता. फोन हरवला तरी त्यातले फोटो जिथे शिल्लक राहतात, त्या जागेची मी राखण करतो, असं गुरुनाथने सांगितलं, तेव्हा ढगाचं मुलांना पटलं. वाघाचं त्यांनी खोदून विचारलं. मग त्याने सांगितलं की लहानपणी तो आत्याकडे एसटीने जात होता, तर रस्त्याच्या मधोमध वाघ बसलेला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कोणी बोलेना. वाघ काही उठेना. शेवटी लोकांना भूक लागली, तेव्हा बसमध्ये हळूच डबे उघडले, अनोळखी माणसांनी एकमेकांना लाडू दिले आणि सगळ्यांचं खाऊन झाल्यावर वाघ उठून निघून गेला. हे सांगताना त्याचे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' अनेकदा चुकले. कोणी हात वर केला नाही. घंटा झाली तेव्हा वॉलरस अजून ओला आणि थंडीने कुडकुडतच होता.

घरी जाताना गुरुनाथने गाडीतला आरसा मागच्या सीटकडे वळवला. मग आरशात बघत म्हणाला, "सुपरहिरो आला नाही म्हणून वाईट वाटलं का गं?"

"मला सोमवारीच माहीत होतं," मागच्या सीटवरून निधी म्हणाली.

"काय?"

"तूच फोनवर म्हणतोस ना सारखं, क्लाउड डाउन आहे, क्लाउड डाउन आहे. आणि तू गॅरेजमध्ये स्टिअरिंगला गोष्ट वाचत होतास. आय सॉ यू."

"मग तू बॅटला का व्होट केलंस?"

"तू घाबरला होतास," निधी म्हणाली. "मी सगळ्यांना सांगितलं की बॅट येणार. म्हणजे मग तू आलास, की दे वुड बी सो रिलीव्ह्ड. ते सुपरहिरोचं वीरने काढलं. मी नको म्हटलं होतं. दॅट वॉज टू मच प्रेशर ऑन यू."

सिग्नल हिरवा होऊन थोडा वेळ गेला होता. मागची गाडी निमूटपणे थांबली होती. गुरुनाथने डोळे पुसून गाडी पुढे घेतली.

"वाघ खरंच होता?" निधीने विचारलं.

"खरंच होता."

"मग मला कधीच का नाही सांगितलंस?"

"राहूनच गेलं," तो म्हणाला.

"अजून काय काय राहिलंय?"

त्याने आठवून पाहिलं. "एकदा आमच्या शाळेत माकड शिरलं होतं."

"सांग."

रिलीजमधून मोकळी होऊन मीनाक्षी खाली आली. गाडी आल्याचा आवाज तिने केव्हाच ऐकला होता, पण घरात कोणी आलं नव्हतं. तिने गॅरेजचं दार उघडलं. गाडी बंद होती. दोघंही सीट बेल्ट लावून आतच बसली होती. गुरुनाथ दोन्ही हात हवेत नाचवत मोठमोठ्याने काहीतरी सांगत होता. असा तो बोलताना तिने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

ती पुढे आली, तशी निधीने काच खाली केली.

"आई, पाच मिनिटं थांब," ती म्हणाली. "माकड आत्ताच हेडमास्तरांच्या खुर्चीत बसलंय."